हुशार मुलांनाही वर्कशॉप द्या : शालेय शिक्षणमंत्र्यांना खराडीहून पत्र

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.



मी खराडीत राहतो आणि आमच्या सोसायटीच्या व्यवस्थापन समितीत आहे. लिफ्ट अडकली, जनरेटर चालू होईना, सांडपाणी प्रक्रिया केंद्राचा (एसटीपीचा) वास वरच्या मजल्यांपर्यंत पोचला, की फोन समितीवाल्यांना येतो. सोसायटीत संगणक अभियंते भरपूर आहेत. पण पंपाच्या पॅनलचं दार उघडून, मीटर लावून, नेमकं काय जळलंय ते सांगणारा माणूस बोलवायचा म्हटलं की आमची धावपळ सुरू होते. तो परवानाधारक वायरमनच हवा असा आग्रह धरला, तर वाट पाहणं आलंच. अशी माणसं मोजकी आहेत, त्यांना मागणी आहे, आणि त्यांच्या दरावरून घासाघीस करायची हिंमत आता आमच्या समितीत उरलेली नाही.

हे रडगाणं ऐकवायला पत्र लिहीत नाही. मागणं वेगळं आहे. व्यवसाय शिक्षण म्हणजे दहावीत मागे पडलेल्यांची सोय, हा समज समाजात आहेच, पण आपल्या खात्याच्या कारभारातही तो मुरलेला आहे. तो काढून टाका आणि आठवीपासून प्रत्येक मुलाच्या वेळापत्रकात हाताचं काम आणा. नव्वद टक्केवाल्यांच्या तर आधी आणा.

खराडी १९९७ साली पुणे महापालिकेत आली. आज इथे इऑन आयटी पार्क आहे, वर्ल्ड ट्रेड सेंटर आहे, झेन्सारचं संकुल आहे. नदीपलीकडे मुंढव्यात भारत फोर्जचा कारखाना आहे. संध्याकाळी बायपासला जी गर्दी होते ती या काचेच्या इमारतींमध्ये बसून काम करणाऱ्यांची, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं आहे. त्या इमारती चालवणारी माणसंही त्याच गर्दीत असतात. चिलर, यूपीएस, डीजी सेट, फायर पंप, लिफ्ट, सांडपाणी प्रक्रिया, हे सगळं तीन पाळ्यांत कुणीतरी सांभाळतं. एप्रिलमध्ये चिलर बंद पडला तर सर्व्हर आणि सर्व्हरवाले दोघंही एकदमच गप्प होतात. तरी आमच्या भागातल्या कुठल्याही शाळेत, महागड्या किंवा महापालिकेच्या, मुलांना मोठेपणी काय व्हायचंय म्हणून विचारा. काचेच्या आत बसणाऱ्यांचंच काम सांगतील. दुसरं काम त्यांना कुणी दाखवलेलंच नाही.

पालक विचारतात, यात फायदा काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं. दहावीनंतर मुलाने किंवा मुलीने आयटीआयमध्ये दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केला, तर हातात राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र येतं. त्यावर कारखान्यात शिकाऊ उमेदवारी केली, की शिकाऊ उमेदवारीचं राष्ट्रीय प्रमाणपत्र. वय होतं एकोणीसच्या आसपास. या कागदांवर वायरमनचा परवाना मिळवता येतो. रेल्वेत असिस्टंट लोको पायलटच्या आणि महावितरणमध्ये विद्युत सहाय्यकाच्या भरतीला उभं राहता येतं. आणि पुढे शिकावंसं वाटलं तर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश आहे, पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. म्हणजे आयटीआय केलं की शिक्षणाचा रस्ता बंद झाला, ही समजूत निव्वळ चूक आहे. फक्त हा जिना शाळेत कुणी सांगत नाही. अकरावीच्या कटऑफचे आकडे दरवर्षी वर्तमानपत्रात रकानेच्या रकाने भरून येतात. औंधच्या शासकीय आयटीआयमध्ये फिटर आणि इलेक्ट्रिशियनची यादी कितीवर थांबली, हे कुठल्या घरात चर्चेला येतं? ऐंशी-नव्वद टक्क्यांची मुलंही या ट्रेडना अर्ज करतात, हे ऐकून आमच्या सोसायटीतले लोक चकित होतात.

पदवीच्या मुलांनाही हे लागू आहे. नुसतं बीए, बीकॉम करून बाहेर पडणाऱ्यांची काय गत होते ते आपण जाणता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ मध्ये बी.व्होक. ही पदवी आणली. एक वर्षावर पदविका, दोन वर्षांवर प्रगत पदविका आणि तीन वर्षांवर पदवी, अशा मधल्या पायऱ्या तिला आहेत. घरची अडचण आली आणि शिक्षण मध्येच सुटलं, तर हात रिकामे राहत नाहीत. त्याच वर्षी शिकाऊ उमेदवार कायद्यात दुरुस्ती होऊन अभियांत्रिकीबाहेरच्या पदवीधरांनाही उमेदवारीचं दार उघडलं. वाणिज्य शाखेची मुलगी जीएसटीचं काम कंपनीत बसून, विद्यावेतन घेऊन शिकू शकते. किती महाविद्यालयांनी तिला हे सांगितलं?

परवाने आणि नोकऱ्या हा फायद्याचा दिसणारा भाग. मला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो. हाताने काम करताना चूक लपवता येत नाही. दरवर्षी आपलं खातं कॉपीमुक्त अभियान राबवतं, भरारी पथकं धावतात. बंद पडलेला पंप कॉपी करून चालू होत नाही, त्याला पथक लागत नाही. मोजमाप घेणं, कारण शोधणं, एक शक्यता तपासून बाजूला ठेवून दुसरीकडे वळणं, हा विज्ञानाचाच अभ्यास आहे, आणि तो वहीतल्या ‘प्रयोगाची कृती’ या शीर्षकाखाली कधीच झाला नाही.

हे स्वप्नरंजन वाटू नये म्हणून एक जागा सांगतो. ती खराडीच्याच रस्त्यावर आहे. नगर रस्त्याने वाघोली, लोणीकंद मागे टाकून शिक्रापूरला पोचलं आणि डावीकडे वळलं की पाबळ लागतं. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातली वरिष्ठ नोकरी सोडून ते या कोरडवाहू गावात आले. आश्रम हे पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र होतं, आणि ती संस्था उभी केली होती जे. पी. नाईक यांनी, जे १९६४-६६च्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते. कोठारी आयोगाने शाळेत कार्यानुभव आणा म्हटलं, आणि बहुतेक शाळांनी त्याचे कागदी पंखे आणि काथ्याच्या बाहुल्या करून टाकले. आमच्या पिढीला तो तास चांगला आठवतो. घरून आईने करून दिलेली वस्तू शाळेत जमा करायची आणि ‘अ’ श्रेणी घ्यायची. कलबागांनी तो विचार गांभीर्याने घेतला.

त्यांची पद्धत अशी : आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक पूर्ण दिवस कामात घालवायचा. चार विभाग. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, गृह व आरोग्य, शेती व पशुपालन. मुलांनी वेल्डिंग करायचं, घराचं वायरिंग करायचं, फेरोसिमेंटची टाकी बांधायची, माती तपासायची, कोंबड्या पाळायच्या, रक्तातलं हिमोग्लोबिन मोजायचं. शिकवायला शक्यतो गावातलाच कामातला माणूस. आणि मुलांनी केलेलं काम प्रदर्शनात मांडून ठेवायचं नाही, गावाला त्याचा उपयोग व्हायला हवा. टाकी गळली तर गाव सांगणारच. राज्याच्या माध्यमिक मंडळाने या अभ्यासक्रमाला शालेय विषय म्हणून मान्यता दिली, ‘व्ही-वन’ या नावाने तो ओळखला गेला. शाळा सुटलेल्यांसाठी पाबळलाच एक वर्षाची निवासी पदविका आहे, तिला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता मिळाली. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने इथे फॅब लॅब उभी राहिली, एमआयटीबाहेरच्या जगातल्या पहिल्या मोजक्या प्रयोगशाळांपैकी एक. कलबाग २००३ मध्ये गेले. काम चालू आहे, आणि पुण्याच्या लेंड-अ-हँड इंडियासारख्या संस्थेने ही पद्धत पुढे अनेक शाळांत नेली. आज ‘मल्टी स्किल फाउंडेशन’ या नावाने जो विषय आपल्या मंडळात आहे, त्याचं मूळ तिथलं.

पाबळच्या पद्धतीतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे चारही विभाग सगळ्यांना सक्तीचे. मुलगी वेल्डिंग टाळू शकत नाही, मुलगा स्वयंपाक टाळू शकत नाही. सुताराच्या पोराला सुतारकामच आणि सरपंचाच्या पोराला पुस्तकच, अशी वाटणी तिथे होत नाही.

हे मुद्दाम लिहितोय, कारण व्यवसाय शिक्षणावरचा सर्वांत खरा आक्षेप याच ठिकाणी येतो. १९५३ साली मद्रासमध्ये राजाजींनी शाळा अर्धा वेळ केली आणि उरलेला वेळ मुलांनी घरच्या धंद्यात घालवावा अशी योजना आणली. त्यातून जातीचा धंदाच मुलाच्या गळ्यात पडेल, असं म्हणत पेरियारांनी आणि इतरांनी रान उठवलं. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले, कामराज आले आणि योजना बासनात गेली. ते योग्यच झालं. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवलं, त्यात प्राथमिक अभ्यासक्रमात शेतीचं आणि आरोग्याचं व्यवहारोपयोगी ज्ञान हवं असं म्हटलं होतं. पण त्याच निवेदनात बहुजनांच्या मुलांसाठी पूर्ण शाळेचीही मागणी होती. या दोन्ही गोष्टी एकत्र मागितल्या तरच अर्थ आहे. शेजारच्या चंदननगरच्या वस्तीतल्या मुलाला ‘तुला कौशल्य शिकवतो’ आणि माझ्या सोसायटीतल्या मुलाला ‘तुला जेईई शिकवतो’ असं आपण म्हणणार असू, तर माझा या शिक्षणाला विरोध आहे. दोघांनीही एकाच बाकावर पाइपाला आटे पाडायला शिकावं. मग ज्याला जे व्हायचं ते होऊ दे.

हाताच्या कामाची लाज आपल्याकडे मुळात नव्हती, असं इतिहास सांगतो. ज्या सीओईपीच्या नावाने आज आई-बाप नवस बोलतात, त्या संस्थेची सुरुवात १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकामासाठी दुय्यम दर्जाचे कर्मचारी तयार करणारा वर्ग म्हणून झाली. मुंबईचं व्हीजेटीआय १८८७चं, तेही तंत्र शिकवायला काढलेलं, आणि तिथे शिकवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी पुढे किर्लोस्करवाडी वसवली. पिंपरीत टेल्को आली तेव्हा सुमंत मुळगावकरांनी प्रशिक्षण विभागाला केवढं महत्त्व दिलं होतं, हे जुन्या कामगारांना विचारा. ‘टेल्कोचा अप्रेंटिस’ हे शब्द लग्नाच्या बैठकीत वजनाने उच्चारले जायचे. ते वजन पुढच्या तीस-चाळीस वर्षांत आपण घालवलं, त्याला आपली धोरणंही जबाबदार आहेत.

उदाहरण द्विलक्षी अभ्यासक्रमाचं. सत्तरच्या दशकाअखेरीपासून अकरावी-बारावीला दोनशे गुणांचा व्यवसाय विषय घेता येतो. कल्पना चांगली होती. आज विज्ञान शाखेची मुलं तो कशासाठी घेतात? दुसरी भाषा टळते, गुण चांगले पडतात आणि क्लाससाठी वेळ मोकळा होतो. इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या किती जणांनी सोल्डरिंग आयर्न नीट धरलं असेल, देव जाणे. दुसरं टोक म्हणजे अल्पमुदतीची प्रशिक्षणं. २०२३च्या ऑक्टोबरात राज्यात ५११ ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. केंद्रं वाईट नाहीत, पण काही आठवड्यांच्या वर्गाचं प्रमाणपत्र आणि दोन वर्षांच्या ट्रेडचं प्रमाणपत्र यांना एकाच ‘कौशल्य’ या शब्दाखाली मोजलं की आकडा मोठा होतो आणि किंमत कमी होते. मालकाला फरक कळतो. तो फरक पगारात दिसतो.

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२०मध्ये एक तुलना दिली आहे : औपचारिक व्यवसाय शिक्षण मिळालेले तरुण भारतात पाच टक्क्यांहून कमी, अमेरिकेत ५२, जर्मनीत ७५, दक्षिण कोरियात ९६. ही तुलना मला पूर्ण पटत नाही. आपला गवंडी, शिंपी, गॅरेजवाला उस्तादाकडून शिकलेला असतो आणि त्याची गणती ‘औपचारिक’ रकान्यात होत नाही. पण जर्मनीचा उल्लेख निघाला आहे तर तिथली व्यवस्था पाहू. तिथला शिकाऊ मुलगा आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत असतो, उरलेले व्यवसाय शाळेत, साधारण तीन वर्षं. पुढे ‘माइस्टर’ झालेल्या कारागिराची पात्रता त्यांच्या चौकटीत पदवीधराच्याच पातळीला, सहाव्या पायरीवर धरली जाते. २०२४च्या फेब्रुवारीत आपल्या सरकारने बाडेन-वुर्टेंबर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. आपल्या मुलांना जर्मन शिकवायचे वर्गही निघाले. भाषा शिकवणं आवश्यकच आहे. पण करार झाल्यावर मुलं शोधायची वेळ येते, याचं कारण आपण आठवीपासून त्यांना काहीच हातात दिलेलं नसतं.

खराडीत काय करता येईल ते सांगतो. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१चा आहे. २०१९च्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेने, कंत्राटी धरून एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. आमच्या परिसरात अशा आस्थापना किती असतील याचा हिशेब कौशल्य विकास खात्याने मांडावा. त्यात इमारती सांभाळणाऱ्या फॅसिलिटी कंपन्याही येतात. तिथे एसी, वीज, लिफ्ट, सांडपाणी यांत उमेदवारी मिळाली तर वाघोली-चंदननगरच्या मुलाला शिकायला औंधपर्यंत दोन बस बदलून जावं लागलं, तरी काम घराजवळ करता येईल.

आणि धोरणातले ते ‘दप्तराविना दहा दिवस’. सहावी ते आठवीच्या मुलांनी स्थानिक कारागिरांबरोबर दहा दिवस घालवावेत, असं धोरण म्हणतं. कृपा करून त्याची सहल होऊ देऊ नका. आयटी पार्कच्या लॉबीत फोटो काढून परत, असं होण्याची दाट शक्यता आहे. आमच्या सोसायटीचा एसटीपी आणि जनरेटर रूम शाळांना उघडी करायला मी समितीला राजी करीन. सुरक्षेचे नियम घाला, विमा काढा, पण मुलांना पाना हातात घेऊ द्या. एनसीईआरटीने सहावीसाठी ‘कौशल बोध’ हे पुस्तक काढलं आहे. त्यात सजीवांबरोबरचं काम, यंत्रं-साहित्याबरोबरचं काम आणि माणसांच्या सेवेचं काम, अशी विभागणी आहे. चांगली आहे. फक्त त्या पुस्तकावर शंभर गुणांची लेखी परीक्षा कुणी सुचवली, तर त्या अधिकाऱ्याची बदली करा.

आता आपल्या अंगणातल्या दोन गोष्टी. शाळेतला मुलगा आपल्या खात्याचा, आयटीआयमध्ये गेला की कौशल्य विकास खात्याचा, पॉलिटेक्निकला गेला की उच्च व तंत्रशिक्षण खात्याचा. मूल एकच, फायली तीन. त्यामुळे दहावीच्या मुलाला पुढचा पूर्ण नकाशा देण्याची जबाबदारी कुणाचीच नाही. दहावीच्या गुणपत्रिकेसोबत एक पान द्या. त्यावर आयटीआयचे ट्रेड, त्यातून निघणारे परवाने, पदविकेचा रस्ता आणि उमेदवारीचं विद्यावेतन स्पष्ट छापा. मराठीत, पालकाला वाचता येईल अशा टायपात. दुसरी गोष्ट शाळांमधल्या व्यवसाय प्रशिक्षकांची. ते बाहेरच्या संस्थांमार्फत कंत्राटावर नेमलेले असतात. ज्या शिक्षकाला स्वतःच्या नोकरीची खात्री नाही, त्याने मुलांना सांगायचं की या वाटेने गेलास तर पोट भरेल! मुलं हुशार असतात, ती शिक्षकाकडे बघतात.

सरकारची दिशा सगळी चुकीची आहे असं नाही. शासकीय आयटीआयमधल्या मुलांचं महिन्याचं विद्यावेतन कित्येक वर्षं ४० रुपये होतं. अलीकडे ते ५०० झालं. चाळीस रुपये हा आकडा इतकी वर्षं कुणाच्या नजरेस कसा पडला नाही, हा प्रश्न मी विचारत नाही. पाचशेही पुण्यात फारसे पुरत नाहीत, एवढंच सांगतो.

येत्या जूनपासून निदान पुणे शहरातल्या राज्य मंडळाच्या शाळांत आठवीला आठवड्याचा एक दिवस कामाचा करा, पाबळच्या चार विभागांसह, सगळ्या तुकड्यांना. अ तुकडीपासून सुरुवात करा. परिपत्रक काढण्याआधी एकदा पाबळला जाऊन या. मुंबईहून आलात तर आदल्या दिवशी पुण्यात मुक्काम करावा आणि सकाळी सातच्या आत खराडी ओलांडावी. त्यानंतर नगर रस्त्यावर मंत्र्याची गाडीही अडकते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
खराडीतील एक रहिवासी